सनद यंत्राची की माणसाची?

माळव्यातील धार आणि देवास ही गावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर नर्मदा ओलांडून गेलेल्या पवार घराण्याने तेथे आपली ठाणी घातली आणि पुढे दोन शतके राज्य केले. त्यांपैकी देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती विक्रमसिंहराव पवार हे राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्येचे चिरंजीव. १९४६ साली कोल्हापूरचे बालछत्रपती निवर्तले आणि तेथील गादी रिकामी झाली. तेव्हा १९४७ च्या मार्च महिन्यात विक्रमसिंहराव त्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरचे अधिपती झाले. माणूस तोच होता. त्याची विद्या, त्याचा अनुभव, त्याचा स्वभाव, सारे त्याच्याबरोबर कोल्हापुरास गेले. परंतु देवासची गादी मात्र गेली नाही. ती देवासलाच राहिली आणि तिच्यावर त्यांचे चिरंजीव कृष्णाजीराव बसले.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. काही अधिकार माणसाला चिकटलेले असतात आणि काही जागेला. माणूस उठून गेला तरी जागेचा अधिकार जागेवरच राहतो. आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. कारण वतन, इनाम आणि सनद या गोष्टी त्यांच्या रोजच्या व्यवहारातल्या होत्या. आज राजे गेले, संस्थाने गेली. धार आणि देवास १९४८ साली मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात विलीन झाली. परंतु तो जुना प्रश्न एका अगदी नव्या वस्तूच्या रूपाने आपल्या घरात येऊन बसला आहे. ती वस्तू म्हणजे संगणक.

मुलांच्या शिक्षणासाठी, अर्ज भरण्यासाठी, दुकानाच्या हिशेबासाठी आता खेड्यापाड्यांतील घरांतही संगणक आला आहे. काही वर्षांनी तो थकतो. वडील काटकसर करून दुसरा घेतात आणि मग मुलगा विचारतो, “बाबा, जुन्या संगणकातील विंडोज नव्यात घालता येईल ना? आपण तिचे पैसे दिलेच आहेत.” या प्रश्नाचे उत्तर कधी ‘होय’ असते, तर कधी ‘नाही’. ते कशावर अवलंबून असते हे ठाऊक नसल्यामुळे कोणी एकाच वस्तूचे पैसे दोनदा मोजतो, कोणी भामट्याच्या हाती पैसे घालवतो, तर कोणी नकळत कायदा मोडतो. म्हणून या विषयाचा नीट विचार करू.

आपण विकत काय घेतो?

संगणक म्हणजे नुसता लोखंड-प्लॅस्टिकचा सांगाडा. त्याला चालवणारी, पडदा, कळफलक, छपाईयंत्र यांना एकमेकांशी बोलायला लावणारी जी मुख्य व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची ‘विंडोज’ ही आपल्याकडील घरांत सर्वांत परिचयाची.

आता आपण खुर्ची विकत घेतो तेव्हा ती खुर्ची आपली होते. ती विका, मोडा, जाळा, कोणी विचारणार नाही. विंडोजचे तसे नाही. तिची मालकी कंपनीकडेच राहते. आपल्याला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. जुन्या भाषेत बोलायचे तर ती एक सनद आहे आणि सनदेत जेवढे लिहिले असेल तेवढाच आपला अधिकार.

आपल्या देशातील कायदाही याच दिशेने विचार करतो. १९५७ च्या लेखनाधिकाराच्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाचे प्रोग्रॅम साहित्यकृतीत गणले जाऊ लागले. पुढे २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या एका महत्त्वाच्या प्रकरणात हा भेद विस्ताराने उलगडला. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यास त्या कृतीचा वापर करण्यास मिळतो. तिचा लेखनाधिकार त्याच्याकडे जात नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. पुस्तक विकत घेणारा लेखकाचा हक्क विकत घेत नाही, तसेच हे.

सनदेच्या अटींचे महत्त्व माळव्याने पूर्वी पुरेपूर अनुभवले आहे. १८५७ च्या धामधुमीत धारच्या किल्ल्याला इंग्रजांनी वेढा घातला आणि नंतर संस्थान जप्त केले. १८६० साली ते आनंदराव पवारांना परत मिळाले खरे, परंतु बैरसिया परगणा त्यातून वगळलेला होता. तो भोपाळच्या बेगमेकडे गेला. देणारा देताना काय देतो आणि काय राखून ठेवतो हे घेणाऱ्याने वाचून घेतले पाहिजे. संगणकाच्या परवान्याचा करारही तसाच लांबलचक असतो, आणि आपण तो न वाचताच ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवून मोकळे होतो.

परवान्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार यंत्राबरोबर येणाऱ्या परवान्याचा. दुकानातून नवा संगणक आणला आणि त्यात विंडोज आधीच भरलेली असली, तर तो परवाना बहुधा या प्रकारचा असतो. त्याला ‘ओईएम’ परवाना म्हणतात. संगणक बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टकडून हे परवाने घेते आणि एकेका यंत्रास एकेक जोडून देते. हा परवाना त्या यंत्राबरोबर जन्मतो आणि त्या यंत्राबरोबरच संपतो. २०१२ साली विंडोजची आठवी आवृत्ती आली, तेव्हापासून अशा परवान्याची किल्ली यंत्राच्या मुख्य पाटीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, स्मृतीतच कोरलेली असते. भिंतीत बसवलेल्या चौकटीप्रमाणे हा परवाना समजावा. घर विकले तर चौकट घराबरोबर जाते. आपण ती उपटून नव्या घरी नेत नाही. देवासच्या गादीचाच हा न्याय.

दुसरा प्रकार स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या परवान्याचा. याला ‘रिटेल’ परवाना म्हणतात. विंडोजचे वेगळे खोके विकत घेतले असेल किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रीकेंद्रातून नुसती किल्ली घेतली असेल, तर परवाना या प्रकारचा. तो कडीला अडकवलेल्या कुलपासारखा आहे. घर बदलताना जुन्या दाराचे कुलूप काढून नव्या दारास लावता येते. परंतु एक कुलूप एकाच वेळी दोन दारांना लागत नाही! करारातील अट नेमकी हीच आहे: नव्या यंत्रावर प्रणाली नेताना जुन्या यंत्रावरून ती काढली पाहिजे. एवढेच नव्हे, पहिला खरेदीदार हा परवाना दुसऱ्या माणसालाही देऊ शकतो. मात्र त्या माणसाने कराराच्या अटी मान्य केल्या पाहिजेत आणि देणाऱ्याने स्वतःजवळ प्रत ठेवता कामा नये.

हस्तांतराची मुभा सनदेतच असणे किती मोलाचे असते, हे मराठी माणसाला सांगायला नको. दत्तक मान्य न करण्याच्या डलहौसीच्या धोरणाने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर व झाशी ही राज्ये खालसा झाली. पुढे १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा कोठे त्यांच्या जिवात जीव आला. वारस तेच, राज्येही तीच. फरक पडला तो कागदावरील मजकुराने. ‘ओईएम’ आणि ‘रिटेल’ या दोन परवान्यांत आत भरलेली विंडोज एकच असते. फरक असतो तो हस्तांतराच्या कलमाचा.

तिसरा प्रकार संस्थांचा. शाळा, कारखाने, कचेऱ्या एकगठ्ठा परवाने घेतात. हे परवाने संस्थेचे असतात. शिक्षकाने किंवा कारकुनाने ते आपल्या घरच्या संगणकावर न्यायचे नसतात. शाळेचा फळा घरी नेता येत नाही, तसेच हे. यातील एका पद्धतीत प्रत्येक यंत्राला १८० दिवसांच्या आत संस्थेच्या मुख्य संगणकाकडून मान्यता पुन्हा घ्यावी लागते. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग पुढे येईल.

आपला परवाना कोणता, हे कसे ओळखावे?

सर्वांत चांगला पुरावा म्हणजे खरेदीची पावती. विंडोजची स्वतंत्र रक्कम मोजली असेल आणि तिचे स्वतंत्र बिल असेल, तर तो परवाना बहुधा रिटेल. संगणकाच्या एकाच किमतीत सारे आले असेल, तर तो बहुधा यंत्राचा. जुन्या संगणकांच्या पाठीवर किंवा पोटाशी पंचवीस अक्षरे-आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली असे. ती असल्यास तो परवाना बहुतेक त्या यंत्राचाच समजावा.

संगणकालाही विचारता येते. खालच्या पट्टीतील शोधाच्या चौकटीत ‘सीएमडी’ ही तीन रोमन अक्षरे लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. त्यात एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरे, मग एक जागा मोकळी, मग उजवीकडे कललेली तिरपी रेघ आणि तिला लागून डी, एल, आय ही अक्षरे टंकून एंटर दाबावे. थोड्याच वेळात एक चौकट उघडते. तिच्यात ‘ओईएम’, ‘रिटेल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ यांपैकी एक शब्द दिसतो. शेवटचा शब्द संस्थेच्या परवान्याचा.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. २९ जुलै २०१५ रोजी विंडोजची दहावी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने सातव्या आणि आठव्या आवृत्तीच्या ग्राहकांना ती विनामूल्य दिली. अशा यंत्रावर ‘रिटेल’ हा शब्द दिसला तरी त्यावर विसंबू नये. मूळचा परवाना यंत्राबरोबर आलेला असेल, तर विनामूल्य मिळालेली नवी आवृत्तीही त्या यंत्रालाच बांधलेली असते. तेव्हा मूळ पावती काय सांगते तेच खरे.

परवाना हलवण्याची रीत

परवाना रिटेल आहे अशी खात्री झाल्यावर कामाला लागावे. पहिली गोष्ट, जुन्या संगणकातील छायाचित्रे, मुलांचे अभ्यास, हिशेब आणि पत्रे दुसऱ्या तबकडीवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. परवाना पुन्हा विकत मिळतो. आजोबांचे छायाचित्र मिळत नाही.

दुसरी गोष्ट, पंचवीस अक्षरांची किल्ली खोक्यावरून, पावतीवरून किंवा ई-मेलवरून वहीत उतरवून घ्यावी. ती पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत असते. एक अक्षर चुकले तरी कुलूप उघडत नाही.

तिसरी गोष्ट, जुन्या यंत्रावरून किल्ली काढावी. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावा आणि वर सांगितलेली पाच अक्षरे, मोकळी जागा व तिरपी रेघ लिहून पुढे डी-एल-आय ऐवजी यू, पी, के ही अक्षरे टंकावीत. किल्ली काढल्याचा निरोप पडद्यावर येतो. किल्ली काढली म्हणजे यंत्र तत्क्षणी मरते असे नाही. ते चालू राहते, परंतु मान्यता नसल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येते आणि रंगरूप बदलण्याच्या सोयी बंद होतात. यंत्र दुसऱ्यास द्यायचे असेल, तर आतील प्रणाली आणि आपली खासगी कागदपत्रे पुरती पुसूनच द्यावे.

चौथी गोष्ट, नव्या यंत्रावर विंडोजची तीच जात भरावी. ‘होम’ आणि ‘प्रो’ अशा दोन जाती आहेत. होमच्या किल्लीने प्रो उघडत नाही. मग ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ आणि त्यातील ‘ॲक्टिव्हेशन’ येथे जाऊन किल्ली बदलण्याच्या ठिकाणी ती टंकावी. त्या वेळी संगणक इंटरनेटला जोडलेला असावा.

एवढे करूनही मान्यता मिळाली नाही, तर त्याच ठिकाणी ‘ट्रबलशूट’ नावाची सोय असते. आपण पूर्वीच मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी परवाना जोडून ठेवला असेल, तर तेथे ‘या यंत्राचे भाग मी नुकतेच बदलले’ अशा अर्थाच्या ओळीवर बोट ठेवून जुन्या यंत्राचे नाव निवडता येते. ही खात्याची सोय २०१६ सालापासून आहे. म्हणून जुना संगणक धडधाकट असतानाच परवाना खात्याशी जोडून ठेवणे शहाणपणाचे. हे सारे फसल्यास कंपनीच्या अधिकृत मदतकेंद्राकडे जावे.

यंत्र बदलले म्हणजे काय बदलले?

एक शंका येथे साहजिक आहे. संगणकाचे भाग एकेक करून बदलले, तर तो जुनाच राहतो की नवा होतो? कंपनीचे धोरण मदरबोर्डावर उभे आहे. तबकडी बदलली, स्मृतीची पट्टी वाढवली, पडदा किंवा कळफलक नवा घातला, तरी यंत्र तेच समजले जाते आणि परवाना अबाधित राहतो. मदरबोर्ड बदलला तर यंत्रच बदलले असे धरतात. त्यातही भेद आहे: तो बिघडल्यामुळे बदलावा लागला असेल, तर यंत्राबरोबर आलेला परवाना चालू राहतो; अधिक वेगाच्या हौसेने बदलला असेल, तर नवा परवाना लागतो. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून मदरबोर्ड बदलून घेताना ‘जुना सदोष होता’ असा स्पष्ट उल्लेख असलेली पावती अवश्य मागून घ्यावी.

एका यंत्रात दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवता येतात काय, असेही कोणी विचारतात. येतात. याची प्रतिमा पाहायची तर पुन्हा देवासकडेच वळावे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती. दोघींची राजधानी एकच. गावाच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या कारभारांखाली असत आणि पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगवेगळी असे. संगणकाच्या एकाच तबकडीवर दोन प्रणाली अशाच शेजारी-शेजारी नांदतात. परंतु थोरल्या पातीची सनद धाकटीला चालत नसे. तद्वत् प्रत्येक प्रणालीला तिचा स्वतंत्र परवाना हवा.

स्वस्ताईचा मोह

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजारात आणि इंटरनेटवर विंडोजच्या किल्ल्या अधिकृत किमतीच्या अल्पशा भागात विकायला ठेवलेल्या दिसतात. त्यांतील काही संस्थांच्या एकगठ्ठा परवान्यांतून फोडलेल्या असतात, काही मोडीत निघालेल्या यंत्रांच्या, तर काही सरळसरळ चोरीच्या. ती किल्ली आज चालते, उद्या कंपनी ती रद्द करते आणि पैसे घेणारा तोवर नाहीसा झालेला असतो. गरीब माणसाचेच नुकसान होते, कारण स्वस्ताईला भुलण्याची पाळी त्याच्यावरच येते.

जुना संगणक विकत घेणाऱ्यांनीही असेच जपावे. दुकानदाराने दाखवलेल्या यंत्रावर ‘विंडोजला मान्यता आहे’ असे दिसले म्हणून निःशंक होऊ नये. ते यंत्र एखाद्या मोठ्या कारखान्यातून आलेले असू शकते आणि त्यातील मान्यता वर सांगितलेल्या १८० दिवसांची असू शकते. सहा महिन्यांनी ती संपली म्हणजे डोळे उघडतात. म्हणून पैसे देण्यापूर्वीच ती चौकट उघडून पाहावी. ‘व्हॉल्यूम’ हा शब्द दिसला तर विंडोजची किंमत वजा करूनच सौदा ठरवावा. जुने संगणक नीट करून विकणाऱ्या काही व्यापाऱ्यांना मायक्रोसॉफ्टकडून नवा परवाना घालण्याची अधिकृत मुभा असते. त्यांच्याकडून घेतल्यास ही धास्ती राहत नाही.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या ६३-ब कलमाने त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड ठरवला. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. परंतु शिक्षेच्या भीतीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे घरातील मुले पाहत असतात. ‘दुसऱ्याच्या झाडाचा आंबा काढू नकोस’ असे सांगणाऱ्या बापाने दुसऱ्याच्या श्रमाचे फळ फुकट घेतले, तर त्याच्या शब्दाला वजन कोठून यावे?

कंपनीचे म्हणणे नेहमीच न्याय्य असते काय?

तसेही नाही. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याने कोणाला द्यावी, यावर विक्रेत्याने किती बंधने घालावीत, हा प्रश्न जगभर न्यायालयांत गेलेला आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी असा निर्णय दिला की, यंत्राबरोबर विकण्यासाठी काढलेली विंडोजची प्रत एकदा कंपनीच्या संमतीने बाजारात आली, की ती यंत्रावाचून विकण्यास कंपनी मनाई करू शकत नाही. पुढे ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ओरॅकल या कंपनीच्या प्रकरणात सांगितले की, कायमचा परवाना पूर्ण मोबदला घेऊन दिला असेल, तर पहिला ग्राहक तो पुढे विकू शकतो. मात्र विकताना त्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे. हे निर्णय त्या देशांचे आहेत. ते भारतात आपोआप लागू होत नाहीत. तथापि दोन्हीकडे एक सूत्र समान आहे, आणि ते आपल्या कुलपाच्या दृष्टान्ताशी जुळणारे आहे: एक परवाना, एक जागा.

ज्याला सनदच आड येत नाही

विंडोजच्या दहाव्या आवृत्तीला मिळणारी नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून ठेवली. अकराव्या आवृत्तीला निदान चार गिगाबाइट स्मृती, चौसष्ट गिगाबाइट साठा आणि ‘टीपीएम’ नावाची सुरक्षेची सोय यंत्रात लागते. पुष्कळ जुन्या संगणकांत ही सोय नाही. तेव्हा परवाना खिशात असूनही यंत्र त्याला अपात्र ठरते, असा पेच अनेक घरांत उभा राहिला आहे.

अशा घरांसाठी एक मोकळी वाट आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा पाया घातला. ती प्रणाली ज्या सार्वजनिक परवान्याखाली मिळते, त्याची रीतच निराळी. तो परवाना सांगतो: वापरा, नक्कल करा, शेजाऱ्याला द्या, हवे तेवढ्या यंत्रांवर घाला, फक्त पुढे देताना हेच स्वातंत्र्य घेणाऱ्यालाही द्या. येथे हस्तांतराचा प्रश्नच उद्भवत नाही. विहीर गावाची असली म्हणजे घागर कोणाची हे कोणी विचारत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवरून ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार केली असून तिच्यात मराठीसह आपल्या देशातील भाषांची सोय आहे. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीवर मुले अनेक वर्षे शिकत आली आहेत. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, इंटरनेट पाहणे ही कामे तिच्यावर उत्तम होतात. मात्र काही धंद्यांचे खास प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालतात. तेव्हा आपल्या कामाला काय लागते हे आधी पाहावे.

पिथमपूरच्या कारखान्यात काम करणारा धार जिल्ह्यातील कामगार असो की वसईचा बागायतदार, संगणकाची रक्कम त्याच्या घामाची असते. ती खर्च करताना त्याने दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: “यातील विंडोज यंत्राची आहे की माझी?” उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. रिटेल परवाना महाग पडतो, परंतु तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा नेता येतो. यंत्राबरोबरचा परवाना स्वस्त पडतो, परंतु त्याचे आयुष्य यंत्राएवढेच. एकच संगणक पाच-सात वर्षे वापरणाऱ्या कुटुंबाला दुसरा पुरेसा आहे. वरचेवर यंत्र बदलणाऱ्याला पहिला परवडतो.

ती पावती आणि पंचवीस अक्षरांची किल्ली रेशनकार्ड, सातबारा आणि मुलांचे दाखले जेथे ठेवता त्याच पेटीत ठेवावी. सनदेचा कागद जपून ठेवण्याची सवय आपल्या वाडवडिलांना होती. कागद बदलले असले, तरी ती सवय मोडण्याचे कारण नाही.